नाडीचा वळ

इथे अमेरिकेत मे महिना आला की दवाखान्यात त्वचेच्या कर्करोगाची माहितीपत्रकं दिसायला लागतात. महिन्यातून एकदा आरशासमोर उभं राहून अंगावरचे तीळ तपासा, असं त्यांत सांगितलेलं असतं. चित्रं बहुतेक गोऱ्या पाठींची. आपली मंडळी ते पत्रक चाळतात आणि परत ठेवून देतात. आपण कोकणातल्या उन्हात वाढलो, आपल्याला काय होणार?

सावळ्या कातडीतलं मेलॅनिन उन्हापासून बरंच संरक्षण देतं, हे खरं आहे. पण त्वचेचे सगळेच कर्करोग उन्हाने होत नाहीत. आणि त्याचा पुरावा १९४५ सालीच छापून झाला होता.

परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं. तिथे पॅथॉलॉजीची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. लंडनमध्ये शिकून आलेला हा माणूस पेशींच्या काचपट्ट्या बघता बघता पेशंट काय नेसतो, काय ओढतो, काय चघळतो, हेही विचारायचा. काश्मिरात पोटाशी धरायच्या कांगडीमुळे होणारा कर्करोग डॉ. एल्मस्लींनी १८६६ मध्येच नोंदवला होता. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये लोकांच्या सवयींतून उद्भवणाऱ्या कर्करोगांवर निबंध लिहिला. त्यात एक होता धोतराचा कर्करोग. जागा कंबर, म्हणजे ऊन कधीच न पोचणारी. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर घट्ट कसलेलं वस्त्र, घाम, घर्षण. आधी कातडी काळवंडते, जाड होते, मग सोलवटते. क्वचित एखाद्याची जखम भरतच नाही आणि तिचा कर्करोग होतो.

हे जुनं झालं, आता धोतर कोण नेसतं, असं वाटेल. पण २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशाच दोन बायकांची हकीकत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडली. सत्तरीच्या बाईंची कमरेवरची जखम दीड वर्ष भरत नव्हती. परकराची नाडी रोज त्याच जागी. साठी उलटलेल्या दुसऱ्या बाई चाळीस वर्षं लुगडं कसून नेसत होत्या. त्यांचा कर्करोग तोवर लसिका ग्रंथीपर्यंत पोचला होता.

आता त्या माहितीपत्रकाकडे वळू. त्यातली एबीसीडी १९८५ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या फ्रीडमन, रिगेल आणि कॉफ या डॉक्टरांनी मांडली. तिळाच्या दोन बाजू जुळतात का, कड वेडीवाकडी आहे का, रंग एकसारखा आहे का, व्यास ६ मिलिमीटरपेक्षा मोठा आहे का. २००४ मध्ये तिला ई जोडलं गेलं: तीळ बदलतोय का? माझ्या मते पाचांतलं हे सगळ्यात कामाचं अक्षर. हा नियम मेलॅनोमासाठी आहे, कमरेवरच्या जखमेसाठी नाही, आणि पत्रक ते सांगत नाही.

मेलॅनोमा आपल्या लोकांत कमी होतो. पण झाला तर बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली, आणि तिथे कोणी बघत नाही. नखाखालच्या या रोगाचं वर्णन लंडनच्या जोनाथन हचिन्सननी १८८६ मध्ये केलं होतं. नखातला काळा रंग बाजूच्या कातडीत उतरला तर सावध व्हा, ही खूण आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याची जखम आधी फुटबॉलची वाटली. १९७७ मध्ये मेलॅनोमाचं निदान झालं आणि ११ मे १९८१ ला, वयाच्या ३६ व्या वर्षी, तो मायामीत गेला.

म्हणून पत्रकातल्या पाठीबरोबर आपण आणखी थोडं बघायचं. आंघोळीनंतर तळपाय उलटे करून, बोटांच्या बेचक्या, नेलपॉलिश काढून नखं. एकाच नखात नवीन काळी रेघ आली किंवा जुनी रुंदावली तर डॉक्टरांकडे जायचं. भाजल्याचे जुने व्रण. आणि कंबर, सगळीकडून, हातआरसा घेऊन. तीन-चार आठवड्यांत न भरलेली जखम मलमावर सोडायची नाही. कातडीचा छोटा तुकडा काढून तपासतात, त्यात कळतं. नुसता काळा पट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. पण नाडी सैल करावी, रुंद पट्टी लावावी, बांधायची जागा बदलावी.

माझ्या आजीच्या कमरेला असा पट्टा होता. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या आज्यांना असतोच.

रविवारी आईला फोनवर हे सगळं सांगितलं आणि कंबर बघायला लावली. ती म्हणाली, "अगं, नाडीचा वळ आहे तो. चाळीस वर्षांचा आहे."

"खरवड आहे का कुठे?"

थोडा वेळ पलीकडून आवाज आला नाही.

"डाव्या बाजूला जराशी आहे," ती म्हणाली. "खोबरेल लावते मी तिथे, दिवाळीपासून."

मंगळवारची अपॉइंटमेंट घेतली आहे.