दामाचे कूळ

‘दाम’ हा शब्द इतका आपल्या अंगवळणी पडला आहे, की त्याचे मूळ ग्रीसमध्ये असेल अशी शंकाही येत नाही. तिथे नाणी पडण्याआधी व्यवहारात लोखंडी सळया चालत. सळई म्हणजे ओबोल. अशा सहा सळयांची एक मूठ होई. ‘मुठीत धरणे’ या अर्थाच्या धातूवरून त्या मूठभर सळयांना द्राख्मे म्हणू लागले, आणि पुढे तेच नाव चांदीच्या नाण्याला मिळाले.

बॅक्ट्रियाच्या ग्रीक राजांबरोबर हे नाणे वायव्येकडून भारतात उतरले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात नोंद आहे, की अपोलोडोटस आणि मिनँडर यांची जुनी नाणी भडोचच्या बाजारात अजून चालतात. त्याच भडोचला पैठण आणि तेरहून गाड्या भरून माल जाई, हेही तिथेच लिहिले आहे. तेव्हा ही चांदी दख्खनच्या व्यापाऱ्यांच्या हाती खेळली असणार, असे मला अगदी मनापासून वाटते.

संस्कृतात त्याचा ‘द्रम्म’ झाला. कोकणातल्या शिलाहारांच्या लेखांत तो भेटतो. भास्कराचार्यांनी तर ११५० च्या ‘लीलावती’त कोष्टकच दिले: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म. म्हणजे एका द्रम्माला १२८० कवड्या! ‘कवडीमोल’ किती हलके, ते इथे कळते.

द्रम्माचा दम्म, दम्माचा दाम झाला आणि घसरणही झाली. अकबराच्या काळी दाम हे तांब्याचे नाणे होते, रुपयाला ४०. त्याचा आठवा हिस्सा म्हणजे दमडी.

नाणे गेले, पण मोल या अर्थाने दाम टिकला, आणि त्याला हक्काचा सूर लागला. मुद्दलापेक्षा अधिक व्याज एका वेळी वसूल करू नये, हा ‘दामदुपट’चा नियम मनुस्मृतीइतका जुना, इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही तो पाळला. १९७९ साली शरद जोशींनी शेतकरी संघटना उभी केली, तेव्हा शेतकऱ्यांनी ‘घामाचे दाम’ मागितले. भाव बाजार ठरवतो; त्यांना हवे होते ते कष्टाचे देणे. त्या हिशेबात बियाणे, खत, पाणी होतेच, शिवाय रानात राबणाऱ्या घरच्या माणसांची मजुरीही होती.