विष नाही, तरी विषारी सापांना गिळणारा 'किंग स्नेक' नेमका आहे तरी कोण?

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक साप चक्क रॅटलस्नेकला गिळतोय, असा व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आला असेल. खाली कमेंटमध्ये हमखास कुणीतरी त्याला 'किंग कोब्रा' म्हणतं. पण हा किंग स्नेक. गोव्याच्या जंगलातही आढळणारा किंग कोब्रा अत्यंत विषारी, तर किंग स्नेक पूर्ण बिनविषारी. साम्य एवढंच, की दोघंही इतर सापांना खातात. नावातलं 'किंग' आलंय तेही त्यावरूनच.

किंग स्नेक मूळचा अमेरिका खंडातला. फ्लोरिडाची दलदल, कॅलिफोर्नियाच्या टेकड्या, ॲरिझोनाचं वाळवंट, सगळीकडे त्याच्या वेगवेगळ्या प्रजाती आढळतात. लांबी साधारण 3 ते 4 फूट. उंदीर, सरडे, अंडी, काहीही चालतं.

मग रॅटलस्नेक कसा पचतो? एक म्हणजे त्याच्या विषाचा किंग स्नेकवर फारसा परिणाम होत नाही. रॅटलस्नेकलाही हे जणू ठाऊक असतं. किंग स्नेकचा वास आला की तो चावायला जात नाही. डोकं जमिनीलगत दडवतो आणि शरीराचा मधला भाग कमानीसारखा उचलून त्यानंच फटके मारतो.

दुसरं म्हणजे पकड. डेव्हिड पेनिंग आणि ब्रॅड मून या संशोधकांनी किंग स्नेकची तुलना त्याचं भक्ष्य असलेल्या रॅट स्नेकशी केली. 2017 मध्ये आलेल्या या अभ्यासात दोघांच्या स्नायूंमध्ये खास फरक दिसला नाही, पण किंग स्नेकचा दाब बराच जास्त भरला. तो भक्ष्याभोवती स्प्रिंगसारखे नीटस वेढे घालतो. रॅट स्नेकचे वेढे कसेही पडतात.

याच कुळातला मिल्क स्नेक उंदरांच्या मागे गोठ्यात शिरतो, म्हणून तो गायीचं दूध पितो अशी तिकडे समजूत पडली. आपल्याकडे बिचाऱ्या धामणीवर हाच आळ आहे! (दोघंही दूध पीत नाहीत.)

शांत स्वभाव आणि देखणे रंग यामुळे किंग स्नेक पाळण्याची जगभर हौस आहे, आणि तिथेच घोळ झाला. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर पाळीव कॅलिफोर्निया किंग स्नेक मोकळे सुटले. 1998 पासून ते तिथे दिसू लागले. या बेटावर मूळचे सापच नाहीत, त्यामुळे इथल्या महाकाय सरड्यांना सापापासून जीव वाचवणं माहीतच नव्हतं. साप पसरले त्या भागांत हे सरडे 90 टक्क्यांहून अधिक घटल्याचं 2021 मधल्या अभ्यासात दिसलं. तेव्हापासून नव्हे, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे पकडमोहीम सुरू आहे. हजारो साप हाती लागलेत, पण हा साप बराच वेळ जमिनीखाली राहतो, त्यामुळे उरलेले किती, हे मोजणंच अवघड.