सहा महिन्यांची कैद : ब्रिटनच्या श्वान-विलगीकरणाचा इतिहास

परदेशातून आणलेल्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने मालकापासून दूर, बंदिस्त जागेत ठेवायचे, हा ब्रिटनचा नियम जवळजवळ शंभर वर्षे टिकला. त्यामागचे कारण होते रेबीज. एकोणिसाव्या शतकात पिसाळलेल्या कुत्र्यांची दहशत ब्रिटनच्या शहरांतही होती. १८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी चावा बसलेल्या माणसासाठी लस शोधली, पण रोगाचे मूळ कुत्र्यांमध्येच राहिले. तेव्हाचे कृषिमंत्री वॉल्टर लाँग यांनी कुत्र्यांना मुसकी बांधण्याची सक्ती कठोरपणे राबवली. श्वानप्रेमींनी तिला कडाडून विरोध केला, तरीही लाँग मागे हटले नाहीत. देशातला रोग आटोक्यात येत असताना तो बाहेरून पुन्हा शिरू नये, म्हणून १८९७ मध्ये कुत्र्यांच्या आयातीवर परवान्याचे बंधन आले आणि १९०१ मध्ये सहा महिन्यांचे विलगीकरण ठरले. १९०२ मध्ये ब्रिटन रेबीजमुक्त झाला.

सहा महिन्यांच्या या मुदतीमागे रोगाचा स्वभाव होता. चाव्यातून शिरलेला विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. त्याला कधी काही आठवडे, तर कधी काही महिने लागतात आणि तोवर कुत्रा अगदी धडधाकट दिसतो. त्याच्या शरीरात रोग दडला आहे का, हे ओळखणारी कोणतीही तपासणी त्या काळी नव्हती. त्यामुळे वाट पाहणे हीच एकमेव परीक्षा होती. सहा महिन्यांत बहुतेक रोगी कुत्र्यांत लक्षणे दिसतील, असा हिशेब होता.

विलगीकरणाची केंद्रे खासगी असत, त्यांना सरकारी परवाना लागे आणि सारा खर्च मालकाच्या माथी पडे. बंदरावर उतरलेला कुत्रा मालकाच्या हाती न देता अधिकृत वाहतूकदार थेट केंद्रात नेत असे. तिथे प्रत्येक जनावराला स्वतंत्र कोठडी असे. शेजारच्या कुत्र्याचे नाकही लागू नये, म्हणून मधल्या भिंती भरीव असत. एखादा निसटलाच तर बाहेर पडू नये, म्हणून एकामागे एक दोन दारे असत. मालकाला भेटीची मुभा होती, पण घरी नेण्याची नव्हती. म्हातारा कुत्रा ही मुदत काढेल का, या धास्तीने अनेक कुटुंबांनी परत येताना आपले जनावर परदेशातच कुणाच्या तरी स्वाधीन केले.

व्यवस्थेला पहिला मोठा तडा पहिल्या महायुद्धाने दिला. आघाडीवरून परतणाऱ्या काही सैनिकांनी कुत्री लपवून आणली आणि १९१८ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन आणि कॉर्नवॉल भागात रेबीज पसरला. तो संपायला १९२२ उजाडले. दुसरा धक्का १९६९ चा. जर्मनीहून आलेला फ्रिट्झ नावाचा कुत्रा सहा महिने पूर्ण करून कँबरली गावी घरी गेला आणि सुटकेनंतर लवकरच पिसाळला. पुढच्याच वर्षी न्यूमार्केटमध्ये पाकिस्तानातून आणलेल्या कुत्रीतही रोग निघाला. नियम पाळूनही रोग निसटतो, हे उघड झाले. सरकारने नियम सैल न करता आणखी आवळले आणि १९७४ मध्ये रेबीजविषयी नवा कायदा केला. शिवाय युरोपात कोल्ह्यांमार्फत पसरणारा रेबीज १९६८ मध्ये फ्रान्समध्ये पोहोचला होता, त्यामुळे इंग्लिश खाडीपलीकडची भीती खरी होती.

बदलाची सुरुवात त्या कोल्ह्यांपासूनच झाली. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकण्याचा प्रयोग झाला. तो यशस्वी ठरला आणि पुढे पश्चिम युरोपातील रेबीज ओसरत गेला. त्याच सुमारास कुत्र्यासाठी भरवशाची लस, कातडीखाली बसवायची मायक्रोचिप आणि लस लागू पडली की नाही हे दाखवणारी रक्ततपासणी अशी साधने हाती आली. १९९८ मध्ये इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने विलगीकरणाला पर्याय सुचवला आणि २८ फेब्रुवारी २००० पासून पश्चिम युरोपातील देशांसाठी तो लागू झाला.

या पर्यायात क्रमाला फार महत्त्व होते. आधी चिप, मग लस. चिपशिवाय लस नेमकी याच कुत्र्याला दिली, हे सिद्ध करता येत नाही. त्यानंतर रक्ताचा नमुना घेतला जाई. त्यात दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक इतकी प्रतिपिंडे सापडावी लागत. मग नमुन्याच्या दिवसापासून पुन्हा सहा महिने थांबायचे, कारण लसीआधीच संसर्ग झालेला असेल तर तो त्या काळात उघड होईल. म्हणजे मुदत तीच राहिली, पण ती आता कुत्र्याने स्वतःच्या घरी काढायची होती. या एका बदलाने हजारो जनावरांची कैद टळली.

भारतासारख्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांना मात्र आणखी काही वर्षे कोठडी चुकली नाही. १ जानेवारी २०१२ रोजी ब्रिटनने युरोपीय संघाचे नियम स्वीकारले, तेव्हा त्यांचीही सुटका झाली. युरोपातील देशांसाठी लसीनंतर २१ दिवसांची प्रतीक्षा पुरेशी ठरली. मुंबई-पुण्याहून नेल्या जाणाऱ्या कुत्र्याला मात्र चिप आणि लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी करावी लागते आणि त्यानंतर तीन महिने थांबावे लागते. कागदपत्रांत खोट निघाली, तर विलगीकरणाची तरतूद आजही आहे.

हा फरक कुत्र्याच्या जातीचा किंवा मालकाच्या ऐपतीचा नाही. कुत्रा ज्या देशातून निघतो, तिथल्या रोगाचा तो आहे. भारतात रेबीज प्रामुख्याने रस्त्यावरच्या कुत्र्यांत टिकून आहे. गोव्यात २०१४ पासून झालेल्या व्यापक लसीकरणानंतर २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. म्हणजे हा रोग इथेही हटवता येतो. ब्रिटनच्या शंभर वर्षांचा अनुभवही हेच सांगतो. घरातल्या कुत्र्याची प्रवासातली प्रतीक्षा खऱ्या अर्थाने कमी व्हायची असेल, तर लस रस्त्यावरच्या कुत्र्यापर्यंत पोहोचायला हवी.