सेवा, वेठ आणि उमेदवारी

माझे एक बालमित्र गेलीं तीस वर्षें अमेरिकेंत स्थायिक आहेत. त्यांची कन्या तिकडेच जन्मली, तिकडेच वाढली, आणि आतां तेथील एका विद्यापीठांत कायद्याचा अभ्यास करीत आहे. गेल्या उन्हाळ्यांत तिनें एका सरकारी कचेरींत दहा आठवडे काम केलें. आजारानें किंवा अपघातानें रोजगारास अपात्र झालेले लोक निर्वाहवेतनासाठीं सरकारकडे अर्ज करतात; तो नामंजूर झाला तर त्यांची फेरसुनावणी ह्या कचेरींत होते. डॉक्टरांचे कागद वाचून त्यांचा गोषवारा काढणें, सुनावणीस बसणें, निकालाचा कच्चा मसुदा लिहिणें, हें तिचें काम. पगार कांहीं नाहीं. मित्रांनीं मला लिहिलें, "जगांतलें सर्वांत श्रीमंत सरकार, आणि माझी मुलगी तेथें घरचें खाऊन राबते. तूं इतिहासाचा माणूस. ह्याला सेवा म्हणावें कीं वेठ, तें तूंच सांग."

प्रश्न थट्टेनें केलेला होता. पण उत्तर लिहावयास बसलों तेव्हां तें एका ओळींत मावेना. म्हणून तें ह्या लेखांत मांडीत आहें.

मराठी वाचकास ह्या प्रश्नाची ओळख नाहीं असें नाहीं. इंग्रजी अमदानींत मामलेदाराच्या कचेरींत 'उमेदवार' नांवाचा एक वर्ग वावरत असे. त्याला हुद्दा नाहीं, पगार नाहीं. नकला कराव्या, दप्तरें उचलावीं, वरच्या कारकुनाची मर्जी संभाळावी, आणि एखादी जागा रिकामी होईल ह्या आशेवर वर्षें काढावीं. 'उमेद' ह्या शब्दाचा अर्थच आशा. परंतु पोट कांहीं आशेवर भरत नाहीं. पगार नसलेल्या हाताला दुसरीकडून कांहीं मिळविण्याचा मोह होणें स्वाभाविक, आणि त्याचा भार अखेर दारांत अर्ज घेऊन उभ्या असलेल्या कुळावर पडावयाचा. फुकट सेवा ही सरकारला फुकट पडते, इतर सर्वांना नव्हे, हा धडा त्या कचेरींनीं आपणांस फार पूर्वीं दिला होता.

ह्या अनुभवाच्या उजेडांत अमेरिकेचा इतिहास पाहिला म्हणजे एक नवल दिसतें. तेथील सरकारनें स्वेच्छेनें देऊं केलेली सेवा स्वीकारण्यास स्वतःलाच बंदी घालून घेतली आहे, आणि ही बंदी १८८४ सालची आहे. त्या वेळीं मूळ रहिवासी 'इंडियन' जमातींचा कारभार पाहणाऱ्या खात्यानें एक युक्ति काढली होती. खालच्या दर्जाच्या कांहीं कारकुनांना, कायद्यानें मंजूर झालेल्या मुदतीपलीकडे 'स्वेच्छेनें' काम करण्यास सांगण्यांत येई. कारकुनांनीं तें केलें, आणि मग केलेल्या कामाचे पैसे मागितले. मागणी न्यायाची होती. कायदेमंडळाला ती नाकारतां येईना. पैसे मंजूर झाले, पण त्याच कायद्यांत एक कलम घालण्यांत आलें. मनुष्यांचे प्राण किंवा मालमत्ता अकस्मात् संकटांत सांपडली असेल तो प्रसंग सोडून, सरकारच्या कोणत्याहि खात्यानें वा अधिकाऱ्यानें स्वेच्छेची सेवा स्वीकारूं नये, असा त्या कलमाचा आशय होता. पुढें सरकारी खर्चास आळा घालणाऱ्या कायद्यांत तें कायमचें जाऊन बसलें.

ह्या बंदीच्या मुळाशीं दयेपेक्षां हिशेब अधिक होता. तिजोरीची किल्ली लोकप्रतिनिधींच्या हातीं असावी, हें त्या राज्यघटनेचें एक मुख्य तत्त्व. एखाद्या खात्याला दहा माणसांचा पगार मंजूर झाला असतां त्यानें आणखी पांच माणसें फुकट राबविलीं, तर त्या खात्याचा विस्तार लोकप्रतिनिधींच्या संमतीवांचून झाला, आणि उद्यां त्या पांचांचें देणें नैतिक ऋण म्हणून राष्ट्राच्या माथीं आलें. तथापि हिशेबांतून जन्मलेला हा नियम गरिबाच्या कामीं पडला. वरिष्ठाच्या इच्छेपुढें कनिष्ठाची 'स्वेच्छा' कितपत मोकळी असते, ह्या प्रश्नाचें उत्तर त्या नियमानें न बोलतां देऊन टाकलें.

१९१३ सालीं तेथील अ‍ॅटर्नी जनरलनें ह्या कलमाचा अर्थ करतांना एक मार्मिक भेद दाखविला. स्वेच्छेची सेवा आणि विनामूल्य सेवा ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. करार नसतांना काम करून मागाहून मोबदला मागण्याची वाट ज्या सेवेंत मोकळी राहते, ती निषिद्ध. परंतु मोबदला कधींहि मागणार नाहीं असें आरंभींच ठरवून एखाद्यानें सेवा दिली, तर ती ह्या बंदींत येत नाहीं. ह्या भेदाचें महत्त्व पुढें कळेल.

आतां कचेरीकडे वळूं. नागरिकांना पैशाची मदत देणारी मोठी सरकारी यंत्रणा अमेरिकेंत प्रथम उभी राहिली ती यादवी युद्धामुळें. १८६२ च्या कायद्यानें जखमी सैनिकांस व मृतांच्या विधवांस निवृत्तिवेतन मिळूं लागलें. अर्ज आले, त्यांबरोबर पुरावे आले, आणि पुराव्यांबरोबर दलाल आले. भोळ्या सैनिकाची लूट होऊं नये म्हणून अर्जाच्या कामीं वकिलानें वा दलालानें घ्यावयाच्या फीवर आरंभीं पांच डॉलरांची, व १८६४ पासून दहा डॉलरांची मर्यादा घालण्यांत आली. पुढें पुढें हें खातें इतकें वाढलें कीं, त्याच्यासाठीं वॉशिंग्टन शहरांत लाल विटांची एक प्रचंड इमारत १८८७ सालीं बांधून पुरी झाली. आज तींत वास्तुविद्येचें संग्रहालय आहे. १८९३ च्या सुमारास केंद्र सरकारच्या उत्पन्नाचे जवळजवळ चाळीस टक्के ह्या एका सदराखालीं खर्च होत होते.

दहा डॉलरांची मर्यादा १८६४ सालीं दयेची होती. पण रुपयाप्रमाणें डॉलरचीहि किंमत उतरत जाते. शंभर वर्षांनंतर दहा डॉलरांत कोणता वकील जाडजूड दप्तर वाचणार? सैनिकाला लुटारूपासून वांचविण्यासाठीं बांधलेली भिंत कायदेपंडितालाहि बाहेर ठेवूं लागली. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि ही मर्यादा घटनेविरुद्ध नसल्याचा निर्णय दिला. अखेर १९८८ च्या कायद्यानें तिची जुनी कडक पकड सुटली. मदत मागणाऱ्या माणसापाशीं वकील नसणें हा ह्या कचेऱ्यांचा जुना रोग आहे. ज्याच्यापाशीं वकिलाला देण्याइतका पैसा आहे, त्याला निर्वाहवेतनाचा अर्ज करण्याची वेळ सहसा येत नाहीं.

ही उणीव भरून काढण्याचा विचार कायद्याच्या विद्यार्थ्यांना सुचला, हें त्या पिढीस भूषणावह आहे. १८९३ सालीं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं गरिबांसाठीं कायद्याचा एक 'दवाखाना' काढला. १९१३ सालीं हार्वर्डमध्यें विद्यार्थ्यांचेंच कायदेसाहाय्य मंडळ स्थापन झालें. रेजिनल्ड हीबर स्मिथ ह्यांनीं १९१९ सालीं 'न्याय आणि गरीब' ह्या अर्थाच्या नांवाचा ग्रंथ प्रसिद्ध करून, पैशावांचून न्यायाचें दार कसें बंद राहतें तें राष्ट्रापुढें मांडलें. १९३३ सालीं जेरोम फ्रँक ह्यांनीं विचारलें कीं, वैद्यकाचा विद्यार्थी रोग्याच्या खाटेशीं शिकतो, मग कायद्याच्या विद्यार्थ्यानें केवळ ग्रंथालयांत कां शिकावें? तरी ह्या पद्धतीस खरा जोर आला तो १९६८ नंतर, फोर्ड प्रतिष्ठानाच्या द्रव्यसाहाय्यामुळें.

मध्यंतरीं मदतीचें क्षेत्रहि विस्तारलें होतें. १९३५ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनीं सामाजिक सुरक्षिततेच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याखालीं दरमहा मिळणाऱ्या वेतनाचा पहिला धनादेश ३१ जानेवारी १९४० ह्या तारखेचा असून तो व्हर्माँट राज्यांतील आयडा मे फुलर नांवाच्या बाईंना मिळाला. रक्कम २२ डॉलर ५४ सेंट. ह्या बाईंनीं पुष्कळ वर्षें वकिलाच्या कचेरींत चिटणिशीचें काम केलें होतें! १९५६ सालीं विकलांगांसाठीं ह्या योजनेंत तरतूद झाली, आणि तेथपासून प्रश्न बिकट झाला. वय जन्मनोंदीवरून ठरतें. पण माणूस काम करण्यास असमर्थ आहे कीं नाहीं, हें कशावरून ठरवावें? ह्यासाठीं सुनावणी आली. तींत सरकारतर्फे विरोध करणारा वकील सामान्यतः नसतो; पुरावा गोळा करणें, दोन्ही बाजू पाहणें आणि निकाल देणें हीं तिन्ही कामें एकाच न्यायाधिकाऱ्यास करावीं लागतात. अर्जदाराचा प्रतिनिधि वकीलच असावा असा निर्बंध नाहीं, म्हणून शिक्षकांच्या देखरेखीखालीं विद्यार्थीहि तेथें उभे राहूं शकतात. १९७० सालीं न्यू यॉर्कमधील मदत घेणाऱ्या लोकांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, निर्वाहाची मदत बंद करण्यापूर्वीं माणसाचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे. त्याला वकील आणूं द्यावा; मात्र तो सरकारनें पुरविलाच पाहिजे असें नाहीं. हक्क मिळाला, वकील मिळाला नाहीं. त्या रिकाम्या खुर्चीवर पुष्कळदां विद्यार्थी येऊन बसला.

हा झाला अर्जदाराच्या बाजूचा विद्यार्थी. टेबलाच्या पलीकडे, सरकारच्या बाजूस, विद्यार्थ्यानें फुकट बसावें कीं नाहीं, हा प्रश्न १८८४ च्या बंदीमुळें अवघडच होता. तो १९७८ च्या मुलकी नोकरी सुधारणा कायद्यानें सोडविला. खात्याच्या प्रमुखांस विद्यार्थ्यांची सेवा स्वीकारण्याची मुभा मिळाली, पण अटींवर: विद्यार्थ्याच्या शिक्षणसंस्थेची संमति असावी, काम शैक्षणिक अनुभवासाठीं आंखलेल्या योजनेचा भाग असावें, मोबदला नसावा, आणि त्या सेवेमुळें कोणत्याहि नोकराची जागा जाऊं नये. कामावर इजा झाली तर मात्र तो नोकर समजला जाऊन भरपाईस पात्र ठरतो.

ह्या अटी पाहिल्या म्हणजे सेवा आणि वेठ ह्यांमधील सीमारेषा कोठें आंखली गेली तें कळतें. देवघेव न्याय्य होण्यासाठीं सरकारनें पैशाऐवजीं विद्या द्यावी, असा तो सौदा आहे. विद्या दिली तर उमेदवारी. न दिली तर वेठ. म्हणून मीं मित्रांना उलट विचारलें, "मुलगी कामास होती म्हणून कचेरीचा वेळ वांचला, कीं तिला शिकविण्यांत कचेरीचा वेळ गेला?" उत्तर मुलीनेंच पाठविलें. तिच्या पहिल्या मसुद्यांत, अर्जदाराच्या वेदना कागदपत्रांशीं जुळत नाहींत, असें एक वाक्य होतें. न्यायाधिकाऱ्यानें तिला समोर बसवून त्या बाईची जबानी पुन्हां ऐकविली, आणि हें वाक्य कोणत्या शब्दांवरून लिहिलेंस, असें विचारलें. तिला दाखवितां आलें नाहीं. एका वाक्यासाठीं तासभर गेला. "त्या तासाचें मोल माझ्या साऱ्या उन्हाळ्याहून अधिक आहे," असें ती लिहिते.

परंतु पत्राच्या शेवटीं आणखी एक ओळ होती. तिच्या वर्गांतील एका मुलालाहि तीच जागा देऊं केली होती. त्यानें ती घेतली नाहीं. उन्हाळ्यांत त्याला मालाच्या वखारींत मजुरी करून वर्षाचा खर्च मिळवावयाचा होता. त्याची आई स्वतः अशाच निर्वाहवेतनावर जगते. ज्या कचेरीचा दरवाजा त्यानें लहानपणीं आईचें बोट धरून पाहिला, तिच्या आंत बसून शिकण्याची संधि आली असतां ती त्याला परवडली नाहीं.

माझ्या मतें ह्या साऱ्या इतिहासाचें मर्म ह्या एका ओळींत आहे. १८८४ च्या कायद्यानें कारकुनाला वेठीपासून वांचविलें, १९७८ च्या कायद्यानें नोकराची जागा राखली. पण जो आंत येऊंच शकत नाहीं त्याचा विचार दोहोंपैकीं एकानेंहि केला नाहीं. कायद्याच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या वकीलसंघानें, अभ्यासक्रमाचें श्रेय आणि पगार हीं दोन्ही एकाच कामाबद्दल घेण्यावरील आपली बंदी २०१६ सालीं उठविली. आणि खुद्द अध्यक्षांच्या निवासांत, व्हाइट हाऊसमध्यें, काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना २०२२ सालीं वेतन मिळूं लागलें. तोंपर्यंत त्या जागा बहुधा ज्यांच्या घरीं कांहीं होतें त्यांच्याच वाट्यास येत.

दुसऱ्या देशाचे दोष मोजणें सोपें असतें. आपल्या बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनींहि कायद्याच्या विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष उमेदवारी आवश्यक केली आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास बारा आठवडे, पांच वर्षांच्या अभ्यासक्रमास वीस. माझ्या हातून पदवी घेऊन कायद्याकडे गेलेले विद्यार्थी अशा कामासाठीं माझ्याकडे शिफारसपत्र मागावयास येतात. मीं तें नेहमीं आनंदानें दिलें. मुलगा हुशार आहे, सचोटीचा आहे, असें लिहून खालीं सही केली. परंतु मुंबईंत जाऊन बिनपगारी काम करीत असतां तो राहील कोठें आणि जेवील काय, हें मीं कधीं विचारलें नाहीं. मुंबईंत ज्याचा मामा आहे तो गेला. ज्याचा नाहीं तो पत्र घेऊन कदाचित् घरींच बसला असेल. मला तें कळलेंहि नाहीं.

मित्रांना मीं कळविलें आहे कीं, तुमच्या मुलीनें केली ती वेठ नव्हे, तिचा मोबदला तिला मिळाला. पण ज्या मुलाला ती सेवा करतां आली नाहीं, त्याचें देणें अजून कोणीं फेडलेलें नाहीं. पुढील शिफारसपत्रावर सही करण्यापूर्वीं तो एक प्रश्न विचारावयाचा, एवढें मीं आपल्यापुरतें ठरविलें आहे.