दवाखान्याची खबर

लस कोणत्या वारी आहे, सिस्टर गावात कधी येणार, नवे डॉक्टर रुजू झाले की जुन्यांची बदली झाली, ही खबर आपल्या उंबऱ्यापर्यंत कशी येत गेली, त्याचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत. आपल्या घरातली खबर दवाखान्यापर्यंत कशी जात होती, हेही पाहू. कारण मोहीम औषधावर जितकी चालते, तितकीच खबरीवर चालते.

आपला जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. बाळंतपण सुईणीच्या हाती, दुखणं वैद्याच्या नाहीतर देवाच्या हाती. देशात प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहू लागली ती १९५२ पासून. त्या काळात सरकारी खबर म्हणजे कोतवालाची दवंडी. उद्या देवी टोचणारे येणार, लेकरं घेऊन चावडीवर या, एवढं ऐकू यायचं. का टोचायचं, मग ताप आला तर काय करायचं, हे कुणाला विचारणार? दवंडीला उलट प्रश्न विचारता येत नाही. आमच्या सासवा सांगतात, टोचणारे आले की बाया लेकरांना कणगीमागं लपवायच्या. देवी आल्या म्हणजे घरात देवीच आली, असंच समजायचे. त्या बायांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यांच्याशी बसून बोललं कोण होतं?

१९७० नंतर कामाची पद्धत बदलली. देवीचे फोड आलेल्या लेकराचं चित्र घेऊन कर्मचारी घरोघर, बाजारात, शाळेत फिरू लागले. असा आजारी कुठं पाहिलात का, असं लोकांनाच विचारू लागले. शेवटी तर रुग्णाची खरी खबर देणाऱ्याला हजार रुपयांचं बक्षीस होतं. खबर मिळाली की त्या घराभोवतीच्या सगळ्यांना टोचायचं. मे १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण सापडला नाही आणि १९८० मध्ये सगळं जग देवीमुक्त जाहीर झालं. लस जुनीच होती. खबर दोन्ही बाजूंनी चालू लागली, हे नवं होतं.

नारूचं उदाहरण तर आणखी मोठं. पायातून हातभर लांब जंत निघायचा आणि ऐन पेरणीत माणूस अंथरुणाला खिळायचा. पायऱ्यांच्या बारवेत माणसं पाय बुडवून पाणी भरायची आणि तेच पाणी प्यायची, त्यातून नारू पसरायचा. आपलं राज्यही त्या तडाख्यात होतं. नारूला ना लस होती, ना जंत मारणारं औषध. पाणी दाट फडक्यानं गाळा, नारू झालेल्याला बारवेत उतरू देऊ नका, हातपंपाचं पाणी प्या, एवढंच सांगायचं होतं. ते ऐकून रोज पाणी गाळलं कुणी? घरोघरच्या बायांनी. २००० साली भारत नारूमुक्त ठरला. पुस्तकात मोहिमेचं नाव येतं, त्या फडक्याचं येत नाही.

आता शेजारी जामखेडला चला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथं काम सुरू केलं. आधी शिकलेल्या नर्सबाईंना खेड्यात ठेवून पाहिलं, पण परक्या गावात एकटीनं राहणं त्यांना जमेना. मग गावातल्याच बाया निवडल्या. कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, शिकायच्या आणि आपापल्या गावची खबर सांगायच्या. त्यातल्या मुक्ताबाई पोळ पुढं अमेरिकेतल्या परिषदेत बोलल्या. डॉक्टर म्हणजे छताचं महागडं झुंबर आणि आम्ही साध्या पणत्या, पण एका पणतीवर दुसरी लावता येते, अशा अर्थाचं त्या बोलल्या. सगळी सभा उभी राहिली.

आपल्या जिल्ह्यातही तीच वाट निघाली. तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनतर्फे खेड्यातल्या बायांना शिकवून 'भारतवैद्य' केलं. ३० सप्टेंबर १९९३ ला भूकंप झाला. घरं पुन्हा बांधताना गावोगाव बाया 'संवाद सहायक' झाल्या. सरकारची योजना घरी सांगायची आणि घरची अडचण सरकारला सांगायची, हे त्यांचं काम. आपले बचत गट ज्या मातीत रुजले, ती ही माती.

२००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि साधारण हजार वस्तीमागं एक आशाताई मिळाली. कोरोनात दारोदार फिरून ताप आणि ऑक्सिजन कुणी मोजला, ते आपण पाहिलंच आहे.

मग आज अडतं कुठं? आमच्या गटातल्या एकीची सून, आठवा महिना, भर उन्हात तीन किलोमीटर चालत उपकेंद्रावर गेली. दाराला कुलूप. सिस्टर प्रशिक्षणाला गेल्या होत्या. प्रशिक्षण गरजेचंच आहे, त्यावर आमची तक्रार नाही. पण दारावर चार ओळी नव्हत्या, गटाला निरोप नव्हता. ती पुढच्या महिन्यात तपासणीला गेलीच नाही. एक खबर चुकली की नुसता हेलपाटा पडत नाही, विश्वास जातो. तो परत आणायला पुन्हा दहा मोहिमा लागतात.

म्हणून आमच्या गटांनी तीन गोष्टी धरल्या आहेत, तुम्हीही धरा. पहिली, उपकेंद्राच्या फळ्यावर कोण हजर, कोण रजेवर, लस कोणत्या दिवशी आणि रात्री अडलं तर कुणाला फोन करायचा, हे लिहिलेलं असावं. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीत आपल्या बाया असतात, तिथं हा विषय मांडा. दुसरी, गटाच्या मासिक बैठकीत आशाताईंना दहा मिनिटं द्या. नवी सिस्टर आली असेल तर तिलाही बोलवा, चहा पाजा, ओळख करून घ्या. तिसरी, आपली खबर द्या. कोणत्या गल्लीत ताप वाढलाय, कुणाला दिवस गेलेत, कोणता हातपंप गढूळ येतोय, हे आपल्याआधी दवाखान्याला कळणार कसं?

येत्या बैठकीच्या वहीत हप्त्यांच्या खाली एक ओळ वाढवा, 'दवाखान्याची खबर'. ती कोण आणणार, त्या बाईचं नावही तिथंच लिहा.