धरणगावची वखार आणि दोन राज्यांचे कागद

परक्या देशात भांडवल घालणारी कंपनी आज सर्वप्रथम वकिलाचा सल्ला घेते. जागा कोणाच्या कायद्याखाली येते, कर किती, नुकसान झाल्यास दाद कोठे मागायची? सतराव्या शतकात हेच प्रश्न खानदेशातील एका बाजारपेठेत इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीपुढे उभे राहिले. ते ठिकाण म्हणजे धरणगाव, आज जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कंपनीने तेथे १६७४ साली वखार घातली. वर्ष उलटण्याच्या सुमारास ती लुटली गेली. ज्या राजाशी कंपनीने त्याच वर्षी तह केला होता, त्याच राजाच्या सैन्याने ती लुटली.

समुद्रापासून इतक्या दूर, कापसाच्या मुलखात वखार कशासाठी? सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा मोठा व्यापारी मार्ग नवापूर, नंदुरबार असा तापीच्या खोऱ्यात शिरत असे. (आज ही गावे नंदुरबार जिल्ह्यात आहेत, १९९८ पर्यंत ती धुळे जिल्ह्यातच होती.) इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली याच वाटेने बुऱ्हाणपूरला गेला. खानदेशचे सुती कापड सुरतेच्या बाजारात मिळतच होते, पण तेथे मध्यस्थाचा नफा वाढत असे आणि जहाजे बंदरात लागली की भावही चढत. विणकराच्या दारात जाऊन आगाऊ रक्कम, म्हणजे दादनी, देऊन माल विणून घेणे स्वस्त पडे. त्यात धोकाही होता. गाव लुटले गेले की केवळ गोदामातला माल जात नसे. विणकर परागंदा होत आणि त्यांच्याकडे गुंतलेली दादनीही बुडे.

खानदेश तेव्हा मोगल सुभा होता, म्हणून कंपनीचा पहिला कागद मोगलांचा. टॉमस रो जहांगीराच्या दरबारात आला तो कलमवार तह मागण्यासाठी. तीन वर्षे खटपट करूनही तसा तह त्याला मिळाला नाही. बादशहाच्या दृष्टीने तह बरोबरीच्या राज्यांत होतो. व्यापाऱ्यांना मिळते ते फर्मान. बादशहाचे ते फर्मान, शहजाद्याचे ते निशाण, अधिकाऱ्याचा तो परवाना आणि माल वाटेने नेण्यासाठी दस्तक, अशी ही उतरंड होती. या कागदांमागे करार नव्हता, कृपा होती. गादीवर दुसरा बसला की फर्मान नव्याने मागावे लागे, आणि दूरच्या नाक्यावरील जकातदार ते मानील की नाही हे बऱ्याच अंशी त्याच्या मर्जीवर आणि नजराण्यावर ठरे. बादशहाने दिलेली सवलत राहदारीच्या चौकीवर फुकट जाते, ही कंपनीची नेहमीची तक्रार असे.

दुसरा कागद रायगडचा. त्याची कथा राजापूरपासून सुरू होते. १६६० साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला असता राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन वेढ्यात सामील झाला आणि इंग्रजी निशाण फडकावून त्याने गडावर मारा केला. व्यापाऱ्याने युद्धात पक्ष घेतला, तेथेच त्याचे संरक्षण संपले. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटून रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैदेत टाकले. नुकसानभरपाईची बोलणी पुढे कित्येक वर्षे चालली. अखेर जून १६७४ मध्ये, राज्याभिषेकाच्या वेळी, मुंबईहून हेन्री ऑक्झिंडेन रायगडास आला. दुभाष्या नारायण शेणवी याने आधीच बरीच पायवाट तयार केली होती.

हा तह आजच्या गुंतवणूक कराराच्या चालीवर वाचण्यासारखा आहे. राजापूरच्या नुकसानीपोटी १०,००० होन मान्य झाले. आयात मालावर अडीच टक्के जकात ठरली. राजापूर, दाभोळ, चौल, कल्याण येथे वखारींची मुभा मिळाली. घासाघीस झाली ती नाण्यावर आणि फुटलेल्या जहाजांवर. इंग्रजी नाणे स्वराज्यात चालावे, ही मागणी होती. महाराजांचे म्हणणे असे की त्यातील धातूच्या मोलाने लोक ते खुशाल घेतील, त्यासाठी हुकूम कशाला? किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाचा माल मूळ मालकाला परत करणे कोकणच्या जुन्या रिवाजाविरुद्ध होते, आणि एका टोपीकराला सवलत दिली की फ्रेंच आणि डच तीच मागणार, हेही महाराजांनी हेरले होते. परक्या व्यापाऱ्याला एक सूट देताना तिचे पायंडे कोठवर जातील याचा विचार करणारा राज्यकर्ता येथे दिसतो.

पण तहातील बंदरांची नावे पुन्हा पाहावीत. चारही ठिकाणे कोकणची. धरणगाव त्यात नाही, आणि असण्याचे कारणही नव्हते: ते शत्रूच्या मुलखात होते.

त्या शत्रूच्या मुलखात मात्र आणखी एक कायदा आकार घेत होता. १६७० च्या अखेरीस मराठा सैन्य खानदेश-वऱ्हाडात शिरले. प्रतापराव गुजरांनी वाटेतील गावांच्या पाटलांकडून वसुलाचा चौथा हिस्सा देण्याचे लेखी कबुलायत घेतले. जो देईल त्याला पावती. पावती असेल त्या गावाला उपद्रव नाही. पुढच्याच वर्षी साल्हेर मराठ्यांकडे आला आणि खानदेशच्या दारात त्यांचे ठाणे बसले. मोगलांना सारा भरणारा पाटील आता आपल्या दप्तरात दुसऱ्या सत्तेची पावतीही जपून ठेवू लागला. मुलूख एकाचा आणि अभय दुसऱ्याचे, हे त्या पाटलाला उमगले होते. कंपनीच्या सुरतेतील दप्तराला ते उमगण्यास आणखी काही काळ जावा लागला.

१६७४ संपून १६७५ उजाडण्याच्या सुमारास मराठा फौजेने धरणगाव लुटले. मोगल सरदार कुत्बुद्दीन खान खेशगी याने अडवण्याचा प्रयत्न केला, पण त्याची फौज थोडी होती. इंग्रजांची वखारही लुटीतून सुटली नाही. तह ताजा होता, तेव्हा भरपाई मिळेलच अशा समजुतीने कंपनीने १६७५ मध्ये सॅम्युएल ऑस्टिन याला रायगडास पाठवले.

भरपाई मिळाली नाही. धरणगाव मोगलांच्या मुलखात आहे, तेथील नुकसानीची जबाबदारी आमच्यावर नाही, ही महाराजांची भूमिका. यापुढे इंग्रज वखारींस उपद्रव होऊ नये म्हणून कौल मात्र मिळाला.

या उत्तराला पळवाट म्हणणे सोपे आहे, आणि कंपनीचे अधिकारी अर्थातच नाराज झाले. पण युक्तिवाद पक्का आहे. राजापूर महाराजांच्या ताब्यात आलेल्या मुलखात होते आणि तेथील तक्रारीचा निकाल होनांत लागला. धरणगावात जकात, नजराणे, राहदारी हे सारे मोगलांच्या तिजोरीत जात होते. संरक्षणाचे कर्तव्यही त्यांचेच होते. शिवाय वखारीतला पैसा गावाच्या समृद्धीत, म्हणजे शत्रूच्या वसुलात, भर घालीत होता. कंपनीने खरे तर तेथील पाटलासारखे वागायला हवे होते: वखार घालण्यापूर्वीच दोन्हीकडचे कागद करून घ्यायला हवे होते. तिने कौल मागितला तो लूट झाल्यावर.

कौल हातात आला, पण त्याने गाव वाचले नाही. १६७९ मध्ये जालन्याच्या मोहिमेच्या सुमारास धरणगाव आणि चोपडा पुन्हा लुटले गेले. १६८५ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी बुऱ्हाणपूरपाठोपाठ धरणगाव गाठले. वखारीचा कौल वखारीपुरता असतो. ज्या बाजारातले विणकर आणि सावकार दर काही वर्षांनी पळून जातात, तेथे एकट्या वखारीने सुरक्षित राहून काय विकत घ्यायचे?

मराठी राज्याने या साऱ्या अनुभवाचा अर्थ पुढे लेखी मांडला. १७१५ च्या सुमाराचे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र सावकारांना राज्याची शोभा मानते, त्यांना परमुलखातून आणून वसवावे असे सांगते. टोपीकरांना मात्र त्यातून वगळते. कारण त्यांच्या प्रत्येकाच्या पाठीशी राजा आहे. वखारीस जागा द्यायचीच झाली तर समुद्रकाठी नको, आत चार-आठ कोसांवर द्यावी, आणि इमारतीचे घर बांधू देऊ नये.

१८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या हाती आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्यास कारभाराचे ठाणे केले. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभी करण्यास आरंभ केला, आणि तिचे ठाणे होते धरणगावलाच. आता तेथे कोणाचा कागद चालायचा, हे कंपनीच ठरवीत होती.