पुढची वाघीण कोणती? : प्रस्तावना

मालगाडीची कोणती वाघीण आता छोट्या रूपात बाजारात येणार, या प्रश्नावर मॉडेल रेल्वेची मंडळी वर्षभर तावातावाने बोलत असतात. जर्मनीत न्यूरेनबर्गला १९५० पासून खेळण्यांचे मोठे प्रदर्शन भरते. त्याआधीचे काही आठवडे युरोपातल्या छांदिष्टांच्या अंदाजांच्या याद्यांना उधाण आलेले असते. इंग्लंडमध्ये हॉर्नबीसारख्या कंपन्यांच्या नव्या वर्षाच्या घोषणा तोंडावर आल्या की तिथेही तेच. बाहेरून पाहणाऱ्याला हा रिकामपणचा उद्योग वाटेल. मला मात्र तो या क्षेत्रातला सर्वांत कसदार अभ्यास वाटतो. इंजिन कुणालाही पाहताक्षणी आवडते. पुढची वाघीण ओळखायची तर खरी वाघीण वाचता यावी लागते: तिचे माप, तिच्यात भरला जाणारा माल, रुळांवर तशा किती धावतात, आणि तिचा साचा करणाऱ्याला तो परवडेल का. नव्याने या विषयाकडे वळणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना म्हणूनच मी इंजिने बाजूला ठेवली आहेत.

मी हे अर्धापुरात बसून लिहितो आहे. आमचा तालुका केळीचा आणि हळदीचा. आमचा माल ट्रकने जातो. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचे काम सुरू झाल्यापासून गावात रेल्वेच्या गोष्टी जरा जास्त होतात, पण मालगाडी पाहायची तर आम्हाला नांदेड गाठावे लागते. नांदेड मात्र या अभ्यासासाठी उत्तम गाव आहे. निजामाच्या रेल्वेने १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद मीटरगेज टाकली, ती या गावावरून गेली. कापूस, सरकी, उस्मानशाही मिलचा माल हे सगळे मीटरगेजच्या वाघिणींनी वाहिले. १९९० च्या दशकात मुख्य मार्ग ब्रॉडगेज झाला, २००८ मध्ये पूर्णा–अकोला बाजूचीही मीटरगेज गेली. २००३ पासून नांदेड हा दक्षिण मध्य रेल्वेचा स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात इथली वाघिणींची सगळी जातकुळी बदलली. ज्यांनी मीटरगेजचे ठेंगणे बंद डबे पाहिले आहेत, ती माणसे अजून आपल्यात आहेत, आणि त्यांना विचारायला हवे, ही या क्षेत्राची पहिली तातडी आहे.

सुरुवात वाघिणीच्या अंगावरच्या अक्षरांपासून करावी. ‘बॉक्सएन’ ही कोळसा, खनिज वाहणारी उघडी वाघीण. तिच्या संकेतात बी म्हणजे बोगी, ओ म्हणजे उघडी, शेवटचा एन म्हणजे हवेच्या दाबाचे ब्रेक. ‘बीसीएन’ मधला सी बंद डब्याचा. खत, सिमेंट, धान्याची पोती तिच्यात येतात. ‘बीटीपीएन’ ही पेट्रोलची टाकी. अक्षरांखाली अकरा आकडी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, मग चार आकड्यांचा अनुक्रमांक, आणि शेवटचा आकडा पडताळणीचा.

हा शेवटचा आकडा नवशिक्याने एकदा तरी हाताने काढून पाहावा. उदाहरणासाठी मनानेच एक क्रमांक घेऊ: ४०, ०९, १५, १२३४. चाळिशीतला पहिला जोड आकडा टाकीचा, ०९ म्हणजे दक्षिण मध्य रेल्वे, १५ म्हणजे २०१५ ची बांधणी. आता या दहा आकड्यांतले सम स्थानांवरचे आकडे मिळवा: शून्य, नऊ, पाच, दोन, चार, बेरीज २०. तिची तिप्पट ६०. विषम स्थानांवरचे चार, शून्य, एक, एक, तीन मिळून ९. एकूण ६९. पुढची दहाच्या पटीतली संख्या ७०, फरक १. तोच अकरावा आकडा. आपल्या मॉडेलवर क्रमांक रंगवताना मनाला येईल तो शेवटचा आकडा टाकणारे पुष्कळ आहेत. जाणकाराच्या नजरेला तो दातात अडकलेल्या खड्यासारखा टोचतो. बांधणीच्या वर्षाचे दोन आकडे तर अंदाजाच्या कामात सोन्याचे. एखाद्या प्रकारात ताजी वर्षे सतत दिसू लागली की तो प्रकार वाढतो आहे; फक्त जुनीच वर्षे दिसत राहिली की तो भंगाराच्या वाटेला लागला आहे.

यानंतर मापे. बॉक्सएन एका कपलरपासून दुसऱ्या कपलरपर्यंत १०,७१३ मिलिमीटर लांब आहे. हीच लांबी का, याचे उत्तर स्टेशनातल्या लूप लाइनमध्ये आहे. आपल्याकडे मालगाडीला थांबण्यासाठी लूपची प्रमाण लांबी ६८६ मीटर धरलेली आहे. बॉक्सएनच्या ५८ वाघिणी म्हणजे सुमारे ६२१ मीटर. वर इंजिन आणि गार्डची ब्रेकव्हॅन धरली की गाडी लूपमध्ये नीट बसते. जुनी बीसीएन बॉक्सएनपेक्षा बरीच लांब, तिचा रेक, म्हणजे एका गाडीतल्या वाघिणींची पूर्ण जोडणी, सुमारे ४२ वाघिणींचा. तिच्यानंतर आलेली ‘बीसीएनएचएल’ १०,९६३ मिलिमीटरची, म्हणून रेकमध्ये ५८ मावतात. लांबी घटली, आणि तेवढ्याच लूपमध्ये जास्त माल जाऊ लागला. लखनौची आरडीएसओ, म्हणजे १९५७ पासून रेल्वेसाठी आराखडे आणि चाचण्यांचे काम करणारी संस्था, नवी वाघीण काढते तेव्हा लूपची लांबी, आसभार (एका आसावर येणारे वजन) आणि पुलांची ताकद या चौकटीतच काढते. बॉक्सएनचा आसभार २०.३२ टन होता, नव्या एचएल वाघिणींचा २२.९ टन आहे. ज्याला ही चौकट समजली, त्याला खऱ्या रुळांवर पुढे काय येणार याचा अंदाज येतो. आणि खरी वाघीण आल्याशिवाय तिचे मॉडेल येत नाही.

मॉडेलच्या बाजूने मात्र आपल्याला एक जन्मजात अडचण आहे, आणि ती नव्या वाचकाने पहिल्याच दिवशी समजून घेतलेली बरी. जगात सर्वाधिक चालणारे प्रमाण एचओ, म्हणजे ८७ पटीने लहान. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात, कारण युरोप-अमेरिकेची खरी लाइन १,४३५ मिलिमीटरची. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. ८७ ने भागले तर सव्वाएकोणीस येतात. बाजारातल्या रुळांवर आपली वाघीण ठेवली की ती रुंद खांद्यांची आणि बारीक पायांची दिसते. काही जण हे पोटात घालून एचओवरच काम करतात. काही जण रूळ खरे मानून वाघीणच सुमारे १०२ पटीने लहान करतात. मग ती शेजारच्या विकतच्या इमारती आणि माणसांशी जुळत नाही. स्वतः सव्वाएकोणीस मिलिमीटरचे रूळ घालणारे थोडे आहेत, आणि त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. माझा कौल पहिल्या पक्षाला. प्लॅटफॉर्मच्या बाजूने पाहताना चाकांमधले अंतर दिसत नाही, वाघिणीची उंची आणि लांबी दिसते. एचओमध्ये बॉक्सएन १२३ मिलिमीटरची होते, आणि पूर्ण रेक सात मीटरच्या पुढे जातो. आपल्या घरांत एवढी सलग भिंत क्वचित, म्हणून बहुतेकांचा रेक दहा-बारा वाघिणींवर थांबतो, आणि त्यामुळे प्रत्येक वाघीण जास्त निरखली जाते.

आता साचा. प्लॅस्टिकची वाघीण पोलादी साच्यात ओततात, आणि खरा खर्च त्या साच्याचा. कारखानदार म्हणून असा विषय शोधतो, ज्याचा एक साचा अनेक वेळा विकता येईल. इंग्लंडमध्ये जुन्या काळी कोळशाच्या व्यापाऱ्यांच्या स्वतःच्या वाघिणी असत, प्रत्येकाचा रंग आणि नाव निराळे. तिथल्या मॉडेल कंपन्यांनी एकाच डब्यावर रंग बदलून पिढ्यान्‌पिढ्या गल्ला भरला. आपल्या वाघिणींचा रंग बहुतांशी एकच, तपकिरी-लाल. मग एका साच्यातून विविधता कुठून आणायची? माझ्या मते कंटेनरच्या सपाट वाघिणींतून. बीएलसीए आणि बीएलसीबी या पाच-पाचच्या जोडणीत धावतात: दोन टोकांना ‘ए’, मध्ये तीन ‘बी’. वर कंटेनर कोणाचाही, कोणत्याही रंगाचा. खासगी कंटेनर गाड्यांना परवानगी मिळाल्यापासून तर रंगांची कमतरताच नाही. भारतीय वाघिणींचे साचे मोठ्या प्रमाणात निघायचे असतील, तर अंदाज बांधणाऱ्याने या सपाट वाघिणीवर पैज लावावी. कोळशाच्या बॉक्सएनवर प्रेम करणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांचे म्हणणे असे की रुळांवर जिची संख्या अधिक, तिला मागणीही अधिक. हा वाद मिटलेला नाही, आणि दोन्ही बाजू नीट ऐकाव्यात अशा आहेत.

मराठवाड्याने या क्षेत्राला दिलेला सर्वांत मोठा विषय मात्र अजून दुर्लक्षित आहे, तो म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी लाइन सुरू केली. १९११ मध्ये ती लातूरला पोचली, १९२७ मध्ये दुसऱ्या टोकाला मिरजेला. कॅलथ्रॉपने इंजिनापासून वाघिणीपर्यंत सगळ्यांचा आसभार पाच टन असा एकच ठरवला. इंजिन पेलणारा रूळ भरलेली वाघीणही तेवढीच पेलतो, मग वाघीण हलकी का भरायची, हा त्याचा विचार. मालवाहू वाघिणींसाठी त्याने दाबलेल्या पोलादाची एकच चौकट वापरली, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. तिच्यावर कधी उघडी, कधी बंद पेटी.

मॉडेल करणाऱ्याने या वर्णनाकडे दोनदा पाहावे. एक चौकट, अनेक पेट्या: कारखानदाराला हवा असतो तोच हिशेब कॅलथ्रॉपने सव्वाशे वर्षांपूर्वी मांडून ठेवला आहे. शिवाय अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. ८७ ने भागले की पावणेनऊ, आणि ९ मिलिमीटरचे रूळ जगभर सहज मिळतात. ब्रॉडगेजला जी शिक्षा आहे, तिच्यातून बार्शी लाइट जवळपास सुटली आहे. वाघीण जेमतेम ८८ मिलिमीटरची होते, वळणे घट्ट घेता येतात, आणि लातूरच्या बाजारपेठेचे आख्खे स्टेशन एका दारावर मावते. कॅलथ्रॉपच्याच आराखड्यावर १९०४ मध्ये इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही छोटी लाइन निघाली आणि १९३४ मध्ये बंदही पडली. तीस वर्षेच चाललेल्या त्या लाइनच्या मॉडेलवर तिकडचे लोक जीव टाकतात. बार्शी–लातूर तर २००० नंतर गेज बदलेपर्यंत चालली. तिची वाघीण आधी यायला हवी, असे मी ठामपणे म्हणतो.

दुसरा विषय ताजा आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरच्या टंचाईत मिरजेहून रेल्वेने पाणी आले. राजस्थानातल्या कोटा कारखान्यात वाफेने धुऊन काढलेल्या तेलाच्या टाक्या त्यासाठी वापरल्या. १२ एप्रिलला पहाटे दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पोचली. पुढे पन्नास वाघिणींचे रेक आले. मिरज आणि लातूर ही बार्शी लाइटची दोन टोके. मधली वाट गेज बदलताना काही ठिकाणी सरकली, तरी ही गाडी त्याच मुलखातून धावली. आता वाघीण वाचणाऱ्याचा प्रश्न: बीटीपीएनमध्ये ७० हजार लिटरच्या वर तेल मावते, मग पाणी पन्नास हजारांच्या आसपासच का? कारण पेट्रोल हलके आणि पाणी जड. या वाघिणीला साधारण ५४ टनच माल पेलायची मुभा आहे. टाकी पाऊण भरली की चाकांची मर्यादा आली. त्या दिवसांत फलाटावर उभ्या राहिलेल्या लोकांनी टाक्या पाहिल्या, त्यांचे घुमट, शिड्या, खालच्या तोट्या पाहिल्या. महाराष्ट्रात एखाद्या वाघिणीकडे इतक्या लोकांनी इतक्या आस्थेने पाहिल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. मागणीचा अंदाज बांधताना आम्ही संख्या मोजतो, साचे मोजतो. लोकांच्या आठवणीचे वजनही त्यात धरावे लागते.

नव्या वाचकाने कुठे जावे? पुण्यात कर्वे रस्त्याच्या बाजूला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. चालते लेआउट पाहायला आणि सिग्नल समजून घ्यायला तिथे जावे. पण वाघिणींसाठी आपल्या जवळचे स्टेशन पुरेसे आहे. फलाटावरूनच पाहावे, यार्डात उतरू नये. वहीत क्रमांक, प्रकार, वर्ष आणि माल लिहावा. घरी पुठ्ठा किंवा सनबोर्ड कापून पहिली पेटी करावी. त्रिमितीय छपाई आता जिल्ह्याच्या गावांतही होते, पण पुठ्ठ्यावर हात बसल्याशिवाय कडांचे आणि फासळ्यांचे महत्त्व कळत नाही. कित्येक मुले संगणकावरच्या रेल्वे सिम्युलेटरसाठी भारतीय वाघिणी तयार करतात; त्यांचे मोजमापाचे काम अनेकदा जुन्या मंडळींपेक्षा चोख असते, आणि त्यांना या क्षेत्रात मानाने जागा हवी.

आणि अंदाज लिहून ठेवावा, कारणासह. ‘बीएलसी येईल’ एवढ्याने भागत नाही; का येईल, कोणत्या प्रमाणात, कोणत्या कामानिमित्त, हे लिहावे. इंग्लंड-जर्मनीत एखाद्या कंपनीची माणसे संग्रहालयात जुन्या वाघिणीची मापे घेताना दिसली की तिकडे बातमी फुटते. आपल्याकडे असे माप घेणारे अजून आपणच आहोत. लातूर, बार्शी, कुर्डुवाडीच्या घरांत नॅरोगेजच्या वाघिणींचे फोटो असतील, मालधक्क्यावर काम केलेल्यांना दारांच्या कड्या कशा होत्या ते ठाऊक असेल. कॅलथ्रॉपच्या चौकटीवरच्या बंद डब्याचा साचा उद्या कुणी करायला घेतला, तर त्याला सर्वप्रथम लागेल ते हेच.